कपाटाची किल्ली मुलांच्या हाती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



विषय साधा आहे: प्राथमिक शाळेतील मुलांना ग्रंथालयाचा उपयोग करावयास कसे शिकवावे.

परप्रांतात मराठी कुटुंबे स्थिरावली की गणेशोत्सवापाठोपाठ वाचनालय उभे राहते. पुस्तके हौसेने जमविली जातात आणि पुढे कुलूपबंद कपाटांत सुखरूप राहतात. मूल आले की हाताला लागेल ते पुस्तक आपण त्याच्यापुढे ठेवतो. हवे ते स्वतः शोधण्याचा आनंद मात्र त्याच्या वाट्यास येत नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, हा त्यांतील पहिल्याचा आशय. बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरल्या. आपल्याला तर केवळ एक कपाट उघडावयाचे आहे!

पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तक हाताळणे शिकवावे. पान कोपऱ्याने उलटावे, दुमडू नये, खुणेसाठी कागदाची पट्टी ठेवावी. मुखपृष्ठावरील नाव, लेखक आणि चित्रकार त्यांनी मोठ्याने वाचावेत.

तिसरीत वर्णानुक्रम घ्यावा. येथेच आपल्या मुलांची खरी अडचण आहे. इंग्रजी अक्षरांचा क्रम त्यांना मुखोद्गत असतो, पण 'थ' आधी की 'ध', या प्रश्नावर ती थबकतात. लेखकांच्या आडनावांच्या चिठ्ठ्या करून त्या क्रमाने लावण्याचा खेळ खेळावा. भा. रा. भागवत 'भागवत'खाली सापडतात, हे मुलांना मग सांगावे लागत नाही. 'क्ष' आणि 'ज्ञ' काही कोशांत शेवटी, तर काहींत 'क' आणि 'ज' यांच्या पोटात असतात, हेही दाखवावे.

चौथीत वर्गांकांची ओळख द्यावी. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत ५०० विज्ञानाचे, ९०० इतिहास-भूगोलाचे आणि ३९८ लोककथांचे घर आहे. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. मात्र गणितात दशांश अपूर्णांक येईपर्यंत टिंबाच्या पुढे जाऊ नये, रंगीत पट्ट्यांवर भागवावे.

यानंतर अनुक्रमणिका आणि सूची यांतील भेद सांगावा. अनुक्रमणिका पुढे असते आणि प्रकरणे दाखविते. सूची मागे असते आणि शब्द दाखविते. मग एक प्रश्न द्यावा: वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो, तो का? कोणत्या फळीकडे जावे? सूचीत 'वीज' पाहावी, 'प्रकाश' की 'ध्वनी'? उत्तर आपण सांगू नये. योग्य शब्द निवडणे हीच अर्धी विद्या आहे.

कोणी म्हणतील, आज पडद्यावर शब्द टाकताच उत्तर मिळते, मग हा खटाटोप कशासाठी? तेथेही नेमका शब्द लागतोच. मराठी विश्वकोश आता संगणकावर उपलब्ध आहे, पण मराठी शब्द शुद्ध लिहिता आला तरच त्याचे दार उघडते. शिवाय हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि दुसऱ्या ग्रंथात काय आहे, हे विचारण्याची सवय पुस्तकांच्या फळीपाशीच सहज लागते.

म्हणून माझी विनंती अशी: दर रविवारी एक तास बालविभागाची कपाटे उघडी ठेवावीत. खालच्या दोन फळ्या मुलांच्या उंचीच्या असाव्यात. देवघेवीची वही पाचवीतील दोन मुलांकडे सोपवावी, आणि प्रत्येकाने आपले नाव व पुस्तकाचे नाव स्वहस्ते मराठीत लिहावे. आठवड्यातून एकदा लिहिलेली ती ओळ कदाचित त्या मुलाची त्या आठवड्यातील एकमेव मराठी ओळ असेल.

आपल्या पिढीने ग्रंथ जमविले. पुढच्या पिढीस ते शोधता आले नाहीत, तर मंडळाच्या शतकमहोत्सवी कपाटे असतील, वाचक नसतील. तसे न होवो.