एका तारेवर एकच धनी

देवास हे एकाच नगरात दोन गाद्या नांदविणारे गाव म्हणून प्रसिद्ध होते. पवार घराण्यातील तुकोजीराव आणि जिवाजीराव या बंधूंपासून थोरली व धाकटी अशा दोन पात्या निर्माण झाल्या आणि १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत एका गावात दोन दरबार भरत राहिले. माणसांना हे साधले. कारण माणसे परस्परांची मर्जी ओळखून वागतात. यंत्रांना ते साधत नाही. आज देवासच्या, किंवा पवारांच्याच धारच्या जिल्ह्यात वसलेल्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत जी यंत्रे चालतात, त्यांच्या जातीचा कारभार एका तारेवर एकच धनी मानतो.

एखाद्या कारखान्यात पाण्याचा दाब मोजणारे, भट्टीचे तापमान सांगणारे आणि मोटारीचा वेग राखणारे अशी वीस उपकरणे आहेत, असे श्रोत्यांनी समजावे. प्रत्येकासाठी नियंत्रकापर्यंत निराळ्या तारा ओढल्या, तर तारांचे रानच माजेल. म्हणून दोनच तारांची जोडी एका उपकरणापासून दुसऱ्यापर्यंत नेतात. प्रत्येक आकडा शून्य आणि एक या चिन्हांत फोडून, तारायंत्रातल्याप्रमाणे एकामागून एक पाठविला जातो. १९८३ साली अमेरिकेत ठरलेल्या आरएस-४८५ या मानकाने अशी जोडी सुमारे १२०० मीटरपर्यंत नेता येते व तिच्यावर ३२ प्रमाणित उपकरणे बसतात. मोठ्या मोटारीमुळे उठणारा विजेचा गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो; अर्थ मात्र दोहोंमधील फरकात असतो, म्हणून तो बचावतो.

पण तार म्हणजे केवळ रस्ता झाला. त्यावर बोलण्याची रीत निराळी ठरवावी लागते. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ साली घालून दिलेली मोडबस ही रीत आजही सर्वत्र आढळते. तीत प्रत्येक उपकरणाला १ ते २४७ पैकी एक क्रमांक असतो. मुख्य नियंत्रक क्रमांक उच्चारून विचारतो, "पाच, दाब किती?" ऐकतात सारे, उत्तर देतो फक्त पाच. विचारल्यावाचून कोणी बोलत नाही आणि दोन निरोपांमध्ये निदान साडेतीन अक्षरांच्या वेळेइतकी शांतता पाळली जाते. ही शांतताच निरोपाची सीमा होय. प्रत्येक निरोपाच्या शेवटी ताळ्याचा आकडा असतो. तो जुळला नाही, तर ऐकणारा गप्प राहतो. नियंत्रक ठराविक वेळ वाट पाहून पुन्हा विचारतो. चुकीच्या आकड्यापेक्षा मौन बरे, हे यंत्रांचे शहाणपण आहे.

या रीतीत एक उणीव मात्र राहिली. ताळा जुळला की अक्षरे शाबूत आहेत एवढेच कळते. आज्ञा करणारा खरा धनी आहे की नाही, हे मूळ मोडबस विचारीत नाही. भिंतींच्या आत, जेथे तारेला हात लावणारे सारे ओळखीचे, तेथे हे खपून गेले. आज त्याच उपकरणांचे धागे दूरच्या संगणकांशी जोडले जात आहेत, आणि खोट्या धन्याची आज्ञाही पंप तितक्याच इमानाने पाळील. संस्थानी कारभारात खलित्याची अक्षरे स्वच्छ असून भागत नसे. मोहोर पाहावी लागे. तीच दक्षता आता यंत्रांच्या दारी बसवावयाची आहे.