आधी जॅकेट, मग इंजिन

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



आज विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे "पर्यटन व उपजीविका" असं लिहिलंय. सगळ्यांना वाटत असेल की ही आता लोणचं, पापड, मध आणि तंबूवाल्यांच्या जेवणाच्या ऑर्डरींवर बोलणार. ते बोलूच. पण त्याच्या आधी पाण्यावर बोलायचंय. आपली सगळी उपजीविका शेवटी या शिवसागरावर तरंगते. बामणोलीला, तापोळ्याला माणूस येतो तो बोटीत बसायला. बोटीत बसला की वासोट्याला जातो, संगमावर दत्ताच्या देवळात जातो. परत आला की त्याला भूक लागते, आणि मग आपल्या चुली पेटतात.

आधी माझीच एक चूक सांगते. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी पलीकडच्या काठावरच्या एका गटाची बैठक घेऊन परत येत होते. बोट कुणाची, कुठली, ते सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नव्हता. बोटीत आठ-दहा पर्यटक, आपल्या गटातल्या एक मावशी, त्यांची तांदळाची दोन पोती आणि मी. लाइफ जॅकेटं होती. पण फळी टोचते म्हणून आम्ही ती बुडाखाली घेऊन बसलो होतो. मी सुद्धा.

संध्याकाळ व्हायला आली होती. अभयारण्याच्या बाजूच्या काठावर गवा पाणी प्यायला उतरला. चांगला मोठा, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. कुणीतरी ओरडलं, "गवा, गवा!" झालं. सगळे उठले आणि मोबाइल काढून एका बाजूला धावले. त्या धावणाऱ्यांत मी होते. बोट अशी कलली की कडेवरून पाणी आत आलं. माझा पाय भिजला तरी माझं लक्ष व्हिडिओत. मागून मावशींनी माझी ओढणी धरून मला खाली ओढलं आणि म्हणाल्या, "बस खाली! गवा उद्या पण यील, तू यायची न्हाईस."

बोट सावरली. काही झालं नाही. पर्यटक हसले, त्यांनी फोटो पाठवले एकमेकांना. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, गावोगाव जाऊन दशसूत्री सांगते, आरोग्यावर बोलते. आणि त्या बोटीत सगळ्यात शहाणं एकच माणूस होतं, ते म्हणजे मावशी.

थेक्कडीला काय झालं

आमच्या बोटीत जे थोडक्यात टळलं, ते केरळमध्ये टळलं नाही. तिथे पेरियार नावाचा व्याघ्र प्रकल्प आहे. आपला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे ना, तसाच. तिथेही धरणाचं पाणी जंगलात शिरून मोठा तलाव झालाय आणि त्यात बोटीतून पर्यटक हत्ती, गवे बघत फिरतात. जागेचं नाव थेक्कडी. 30 सप्टेंबर 2009 ला संध्याकाळच्या फेरीला निघालेली एक दुमजली बोट उलटली. 45 माणसं गेली. लेकरं, बाया, फिरायला आलेली अख्खी कुटुंबं.

वादळ नव्हतं. बोट जुनी, कुजकी नव्हती, त्याच वर्षी पाण्यात उतरलेली होती. चालवणारी सरकारी पर्यटन संस्था होती. काठावर जनावरं दिसली आणि ती बघायला माणसं एका बाजूला गेली. वरच्या मजल्यावरही माणसं होती. बोट कलली ती सावरलीच नाही. खालच्या मजल्यावरच्यांना बाहेर पडायला वाट मिळाली नाही. अंगात जॅकेट नव्हतं. त्यानंतर तिथे प्रत्येकाला जॅकेट घालणं सक्तीचं झालं. पण ते 45 जण गेल्यावर.

असं का होतं ते आपण आत्ताच बघू. हे घमेलं पाण्याने भरलंय. त्यात मी ही ताटली सोडते. तरंगली? आता त्यात मधोमध दहा खडे ठेवते. अजून तरंगतेय. आता एकही खडा वाढवत नाही, फक्त सगळे खडे एका कडेला सरकवते. बघा. बुडाली. वजन तेवढंच होतं, फक्त जागा बदलली. आणि माणूस उभा राहिला की वजन उंचावर जातं. डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी घेतली की आपण कशा जपून चालतो? नुसता हंडा कडेवर असला तर तेवढं जपावं लागत नाही. बोटीचंही तसंच. वजन खाली आणि मधे, तोवर बोट शहाणी. वजन वर आणि कडेला, की बोट आपली नाही.

आपल्या राज्यातलंही बघा

केरळ लांब आहे म्हणाल, तर उजनी जवळ आहे. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात करमाळ्याच्या बाजूने इंदापूरच्या बाजूला येणारी बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, सहा गेले. ते काही पर्यटक नव्हते. आपल्यासारखेच, या काठावरून त्या काठावर जाणारे. त्याच वर्षी जानेवारीत, 18 तारखेला, बडोद्याला तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

मे महिना म्हणजे वळवाचा महिना. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारनंतर कसं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी झाडांची खोडं, जुन्या घरांची जोती वर येतात. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या सासरचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. कुठे काय आहे हे तुमच्या घरातल्या माणसांना पाठ आहे. पण अंधार पडला की पाठ असलेलंही दिसत नाही.

"आमचा माणूस पट्टीचा पोहणारा आहे"

मी याच्यावर तुमच्याशी घरोघर बोलले. तुम्ही जे म्हणालात ते खोटं नाही, म्हणून एकेक घेते.

"आमचा माणूस पट्टीचा पोहणारा आहे." आहेच. पण बोट उलटली की त्याच्या गळ्याला चार न पोहणारे मिठी मारतात. तेव्हा पट्टीचा पोहणाराही बुडतो. जॅकेट प्रवाशाला घातलं की चालकाचाही जीव वाचतो.

"पर्यटक ऐकत नाहीत. जॅकेटाला वास येतो म्हणतात." वास येतो, खरं आहे. ओली जॅकेटं पोत्यात कोंबली की येणारच. बसायला वापरली की आतला फोम दबतो, मग ती तरंगवत नाहीत. हे काम आपल्या गटाने का घेऊ नये? साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, तुटलेले पट्टे शिवायचे, मोजून परत द्यायची. बोटवाल्यांनी त्याचे पैसे द्यावेत. गटाला काम, बोटीला स्वच्छ जॅकेट.

"पंधरा जणांचा ग्रुप येतो, दोन बोटींचे पैसे द्यायला तयार नसतो. 'दादा, ॲडजस्ट करा' म्हणतो. आम्ही नाही म्हटलं तर दुसरा नेतो." हे सगळ्यात अवघड आहे. एकट्याने नाही म्हटलं तर धंदा जातो. सगळ्यांनी नाही म्हटलं तरच ते टिकतं. आपण बचत गट काढला तेव्हा हेच शिकलो ना? सावकाराला एकटी बाई नाही म्हणू शकत नव्हती.

आणि एक लक्षात घ्या. एक अपघात झाला तर फक्त ती बोट बंद होणार नाही. सगळ्या बंद होतील. मग जेवणाची ऑर्डर नाही, तंबू नाही, मध कोण घेणार? आणि बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येईल.

आपल्या हातात काय आहे

बोटीची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा हे कायद्याने लागतंच. देशात 2021 ला अंतर्देशीय जलवाहतुकीचा नवा कायदाही झाला. ते बघायला अधिकारी आहेत. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे कर्ज आहे. मागच्या तीन बैठकांत बोटीसाठी, इंजिनासाठी कर्जाचे अर्ज आले. आपण काय विचारलं? बचत नियमित आहे का, जुना हप्ता थकला का, जामीनदार कोण. बोटीत किती जॅकेटं आहेत, हे एकीनेही विचारलं नाही. मीही नाही. अर्ज मीच तपासले होते.

म्हणून माझ्या पाच सूचना आहेत.

एक. बोट किंवा इंजिनासाठी कर्ज देताना जितक्या सीट तितकी जॅकेटं, शिवाय लहान मुलांच्या मापाची वेगळी, ही अट घालू. नसतील तर कर्जाच्या रकमेतच ती धरू. आधी जॅकेट, मग इंजिन. मोठ्यांचं जॅकेट लेकराला घालून उपयोग नाही, लेकरू खालून निसटतं. जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघायचं. हनुवटीच्या वर गेलं तर ते सैल आहे.

दोन. किती माणसं बसतील तो आकडा बोटीवर बाहेरून, मोठ्या अक्षरात, मराठीत रंगवायचा. पोतीही वजनात मोजायची.

तीन. निघताना नाव आणि मोबाइल नंबर वहीत लिहायचा आणि वही काठावर ठेवायची. बोटीत ठेवलेली वही बोटीबरोबर जाते. काही झालंच तर आत किती माणसं होती हे कळायला हवं. आपण हिशोबाच्या वह्या इतक्या चोख ठेवतो, ही एक वही जड नाही.

चार. बोट सुटायच्या आधी चार वाक्यं बोलायची. जॅकेटाचे पट्टे बांधा. जनावर दिसलं तरी उठू नका, बोटवाला बोट वळवून सगळ्यांना दाखवेल. कडेवर बसू नका. दारू पिऊन आलेल्याला बोटीत जागा नाही. धक्क्यावर नाश्ता देणाऱ्या आपल्याच ताया असतात. ही वाक्यं त्यांनी बोलली तर पर्यटक ऐकतात. आईच्या वयाच्या बाईला कुणी उलट बोलत नाही, निदान लवकर तरी नाही. आणि वारा सुटला किंवा दिवस मावळायला आला, तर फेरी नाही.

पाच. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून आपण प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लावू. बुडणाऱ्यासाठी लगेच उडी मारायची नाही, दोरी फेकायची, रिकामा कॅन फेकायचा, बांबू पुढे करायचा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. श्वास बंद असेल तर श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि 108 ला फोन करायचा. हे हाताने करून शिकायला लागतं.

आणि हे सगळं फक्त पाहुण्यांसाठी नाही. बाजाराला, दवाखान्याला, बाळंतपणाला आपणही याच पाण्यावरून जातो. आपली पोरं शाळेला जातात. पुण्याच्या पोराला जॅकेट आणि आपल्या पोराला "त्याला सवय आहे" असं चालणार नाही. पाण्याला कुणाची सवय नसते.

शेवटचं सांगते आणि बसते. मी इथे कर्मचारी आहे. मी सूचना मांडू शकते, पण ठरावावर मला मत नाही. मत तुमचं आहे. सूचक तुमच्यातून हवी, अनुमोदक तुमच्यातून हवी. कर्ज घेणारीही तुमच्यातलीच असेल, कदाचित तुमची जाऊ, तुमची सून. तिला "आधी जॅकेट दाखव" म्हणायला जड जाईल, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी मावशींनाही मला ओढायला जड गेलं असेल. मी त्यांची मॅडम होते ना. पण त्यांनी ओढलं, म्हणून मी आज इथे उभी आहे.

अध्यक्ष ताई, मी बसते. ठराव चर्चेला घ्यावा, ही विनंती.