रुमालाखालचा भाव



बैलबाजारात दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरतो आणि बोटांनी भाव ठरतो, हे जुन्या मंडळींनी पाहिलेले आहे. शेजारच्याला पत्ता लागत नाही. दलालाला मात्र सगळ्यांचे भाव कळतात, आणि तो खरे बोलला का, हे ताडून पाहायची सोय नसते. बाजार समितीतल्या उघड लिलावात ही शंका उरत नाही. पण कुणाची धाव कुठवर, हे चारचौघांना कळते.

समजा, आपल्या नृसिंहवाडीत पेढे-बासुंदीच्या दुकानासाठी एक गाळा भाड्याने द्यायचा आहे. तिघांनी बंद लिफाफे दिले. ते ज्याच्या कपाटात आहेत, त्याने रात्रीतून एखादा उघडला तर? आणि हरलेल्या दोघांचे आकडे तरी गावाला का कळावेत?

आपली मालमत्ता न सांगता दोन लक्षाधीशांना अधिक श्रीमंत कोण हे ठरवता येईल का, असा प्रश्न १९८२ साली अँड्र्यू याओ या संगणकशास्त्रज्ञाने मांडला. गणिताने ते जमते. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कच्या बीट शेतकऱ्यांनी ते करून दाखवले. बीट पुरवण्याचे करार त्यांना आपसांत विकायचे-घ्यायचे होते. साखर करणारी कंपनी एकच, डॅनिस्को. खरा भाव सांगावा, तर तिला आपली नड कळणार. म्हणून सुमारे १,२०० शेतकऱ्यांच्या बोली कंपनी, शेतकरी संघटना आणि संशोधक अशा तिघांच्या संगणकांत तुकड्यांनी वाटल्या. एकट्याला एकही आकडा वाचता येईना. तिघांच्या हिशेबातून भाव निघाला. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या ऊसकऱ्याला ही नड समजावून सांगायला नको.

आपल्या गाळ्याच्या बोलीही अशाच झाकून ठेवायच्या, तर ब्लॉकचेन कामी येते. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे प्रत असलेली सामाईक वही. तिच्यात गुपचूप खाडाखोड चालत नाही. आपल्या आकड्यात एक मोठी गुप्त संख्या मिसळून त्याचा ठसा या वहीत चढवायचा. ठशावरून आकडा ओळखता येत नाही, आणि मागाहून आकडा बदलला तर ठसा जुळत नाही. कोणाची बोली मोठी, याचा गणिती पुरावाही वहीत चढतो. तो कोणीही तपासावा. हरलेल्यांचे आकडे झाकलेलेच राहतात.

बोली लावणाऱ्या तिघांनीच घाटावर बसून आधीच संगनमत केले, तर मात्र ही वही काही करू शकत नाही. आणि ती आपल्या गावच्या लिलावात येईल तेव्हा येईल. तोवर बंद लिफाफा देताना एवढे जरूर विचारा: उघडेपर्यंत हा कोणाच्या ताब्यात राहणार?