काच दिसते कशी?

काचेचं चित्र काढा असं कुणी सांगितलं तर आपण काय करतो? खिडकीची चौकट काढतो, आत फिकट निळा रंग भरतो, वर दोन तिरप्या रेघा मारतो. पाहणाऱ्याला कळतं, ही काच. नव्या इमारतींची चित्रं संगणकावर बनवणारी मुलं सुरुवातीला हेच करतात. बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर जी झगझगीत चित्रं लावलेली असतात ते फोटो नव्हेत. इमारतीचा पायाही खणलेला नसतो, तेव्हा व्ही-रे, ब्लेंडर अशा सॉफ्टवेअरमध्ये ती तयार झालेली असतात. वीट, लाकूड, फरशी ही मंडळी लवकर वश होतात. घोडं अडतं ते काचेपाशी.

माझी एक भाची पुण्यात हे काम करते. कवितेच्या माणसाला त्यात काय कळणार, असं घरच्यांना वाटलं. पण तिच्या शेजारी बसून माझ्या काही दुपारी फार छान गेल्या. ती म्हणाली, "मामू, काचेला स्वतःचं रूप जवळजवळ नसतंच. नवशिका तिला निळा रंग देतो आणि अर्धवट पारदर्शक करतो. मग ती ताणलेल्या प्लास्टिकसारखी दिसते."

काच खरी दिसायला काय लागतं? आधी जाडी. खिडकीची काच नुसता एक पृष्ठभाग म्हणून काढली, तर प्रकाशकिरण काचेत शिरला एवढंच संगणकाला कळतं. तो बाहेर पडल्याचं कळत नाही. खोलीभर काच भरल्यासारखा तो हिशेब करतो आणि आतलं सगळं सरकलेलं दिसतं. म्हणून पाच-सहा मिलिमीटरची जाडी देऊन दोन्ही बाजू काढाव्या लागतात. मग अपवर्तनांक, साधारण १.५२. समोरून पाहिलं तर काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परत येतो, म्हणून आपल्याला आरपार दिसतं. नजर तिरपी होत गेली की हे प्रमाण वाढतं, आणि अगदी कडेने पाहिलं तर तीच काच आरसा होते. रस्त्यावरून उंच इमारतीकडे मान वर करून पाहा. खालच्या मजल्यांत पडदे दिसतील, वरच्या मजल्यांत नुसतं आकाश.

काचेच्या कडेला हिरवट झाक असते, ती त्यातल्या लोहाची. आणि मोठ्या इमारतीची प्रत्येक काच शेजारणीशी तंतोतंत एका पातळीत नसते. त्यामुळे समोरच्या झाडाचं प्रतिबिंब काचेगणिक थोडं तुटतं. भाची प्रत्येक काच केसभर फिरवते, तेव्हा कुठे चित्रात जीव येतो. सगळं बिनचूक केलं की खोटं वाटतं, ही गोष्ट मला कवितेतून ठाऊक होती.

प्रकाश काचेत शिरताना किती वाकतो याचा नियम आपण शाळेत स्नेलच्या नावाने शिकलो. स्नेल सतराव्या शतकातला. त्याच्या सहाशे वर्षांहून अधिक आधी, ९८४च्या सुमारास, बगदादच्या इब्न सहलने भिंगांवरच्या ग्रंथात तो भूमितीने मांडला होता. १९८० साली अमेरिकेत बेल लॅब्जच्या टर्नर व्हिटेड यांनी तोच नियम संगणकाला शिकवला. चौकटींच्या फरशीवर तरंगणारे दोन गोल, त्यातला एक काचेचा. किरण कुठे परततो, कुठे आत शिरतो, याचा माग काढत त्या काळच्या यंत्राने एका चित्राला तासाहून जास्त वेळ घेतला. आजची सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातात.

काचेने फसवणं मात्र फार जुनं आहे. सुलेमान पैगंबरांच्या महालात सबाची राणी येते, काचेची जमीन तिला पाणी वाटते आणि ती वस्त्र वर उचलते. ही गोष्ट कुराणात आहे. मयसभेत दुर्योधन स्फटिकाची जमीन पाहून नेमकं हेच करतो. दोन ग्रंथ, दोन मुलुख, आणि फसलेल्या माणसाची हालचाल एकच! राणीला खरं काय ते उमगतं आणि ती नम्र होते. दुर्योधन पुढे खऱ्या पाण्यात पडतो, लोक हसतात, आणि तो सल तो हस्तिनापूरला घेऊन जातो.

आज त्या जमिनीवर पाऊल टाकतो तो घर घेणारा माणूस. काचेच्या चित्रात काच थोडीच असते, बाकी असतो तिच्यासमोरचा परिसर. तो काय ठेवायचा हे चित्रकार ठरवतो, किंवा त्याचा ग्राहक. भाचीने एका चित्रात समोरच्या चाळीचं प्रतिबिंब दिलं होतं, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट. ग्राहकाने चाळ काढून तिथे गुलमोहर लावायला सांगितला. तिने लावला, पोटाचा प्रश्न आहे. पण ती चाळ जागेवरच आहे.

२०१६च्या स्थावर संपदा कायद्याचं बारावं कलम सांगतं, की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचं नुकसान झालं तर विकासकाने भरपाई द्यावी. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत करावेत. काचेतला गुलमोहर ही माहिती की सजावट? 'चित्र काल्पनिक आहे' अशी बारीक ओळ खाली कोपऱ्यात असतेच. माझ्या मते समोर जे उभं आहे ते पुसणं ही सजावट नव्हे.

म्हणून चित्र दाखवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. हे चित्र कुठून आणि किती वाजता पाहिलेलं आहे? बहुतेक चित्रं दिवसाची, बाहेर ऊन असतानाची असतात. त्या वेळी बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही. संध्याकाळी दिवे लागले की उलट होतं. आत बसलेल्याला काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो आणि समोरच्या चाळीला आपलं जेवणाचं ताट. तेव्हा रात्री आठचं चित्र मागा, पडदे न लावलेलं. सॉफ्टवेअरला सूर्य मावळवायला फार वेळ लागत नाही.