हा खोपा अर्धाच का?



शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर भातसा नदी आडवी येते. तिच्या काठी आमचं सापगाव. मुंबईत बसून हे भाषण ऐकत असाल, तर आपली ओळख जुनी आहे. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून आमच्या गावावरून पुढं पिसे गावच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथून ते उचलतात, शुद्ध करतात आणि मग ते तुमच्या नळाला येतं. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या भातसाचा आहे.

हे मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला सांगितलं. ती थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आत्ता जे पाणी गेलं, ते मुंबईतली मुलं पिणार? मग आपण त्यात घाण टाकायची नाही." एवढं बोलून ती काठावरच्या खेकड्याच्या बिळाकडं वळली. मी मात्र तिथंच उभी राहिले. पाण्याबद्दल मी तिला जे शिकवणार होते, ते तिनं माझ्या आधी सांगून टाकलं होतं.

लहान मूल घरात असलं की दिवस घड्याळावर चालत नाही. सकाळी डबा भरायचा, वेणी घालायची, शाळेची वेळ गाठायची. वाट जेमतेम दहा मिनिटांची, पण आम्हाला अर्धा तास लागतो. जून उजाडला, मृगाचे दोन शिंतोडे पडले की लाल मखमली मृगाचे किडे मातीवर चालू लागतात. तिथं बसकण मारावीच लागते. सागाला नवी पालवी फुटली की कोवळं पान तळहातावर चोळायचं आणि तळवा लाल झालेला सगळ्यांना दाखवायचा. संध्याकाळी दप्तर उपडं केलं की पाटीबरोबर गोगलगाईचा शंख, चिंचोके, कसलंसं पीस बाहेर पडतं. आमच्या घरचा नियम एकच आहे: जिवंत काही आणलं असेल, तर दिवे लागायच्या आत जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं.

पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री खाचरात बेडकांनी नुसता गलका केला होता. सकाळी बांधावर गेलो, तर हळदीत बुडवल्यासारखे पिवळेधमक बेडूक पाण्यात बसलेले. लेक घाबरून म्हणाली, "आई, यांना कावीळ झाली का?" कावीळ नव्हे. मोठ्या बेडकातला नर विणीच्या दिवसांत थोडे दिवस असा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून मादीला हाक घालतो आणि मग पुन्हा आपल्या हिरवट रंगावर येतो. याच बेडकांच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. भातावरचे किडे खाणारा हा सोबती तेव्हा खाचरात राहिला.

आता तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल, गावाचं नाव सापगाव आणि पोर बांधावर मोकळी फिरते? आमच्या लेकीनंही विचारलं होतं, "आपल्याकडं साप जास्त आहेत का गं?" श्रोतेहो, जिथं भात आहे तिथं उंदीर आहे आणि जिथं उंदीर आहे तिथं साप आहे. नाव काहीही असो, भाताच्या कुठल्याही गावाला हे लागू आहे. म्हणून मी तिला भीती शिकवली नाही, नावं शिकवली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीण. आणि नावांबरोबर शिस्त शिकवली. बिळात, लाकडाच्या मोळीत, दगडाखाली हात घालायचा नाही. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. साप कुठलाही असो, दोन पावलं मागं यायचं आणि मोठ्यांना हाक मारायची. चावलाच, तर मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. ज्या मुलाला रानाची ओळख आहे, ते मूल रानात जास्त जपून वागतं, हे मी रोज बघते.

पण ज्या प्रश्नासाठी आज मी तुमच्यापुढं आले, तो प्रश्न सुगरणीचा आहे. आमच्या विहिरीवर एक शिंदी झुकली आहे. आवणी उरकता उरकता तिच्यावर सुगरणींचे खोपे लटकायला लागतात. एका संध्याकाळी मी पाणी भरत होते. लेक म्हणाली, "आई, हा खोपा अर्धाच का?" मला स्वयंपाकाची घाई. मी म्हटलं, "पावसानं मोडला असेल." ती म्हणाली, "मोडला असता तर खाली पडला असता. खाली काहीच नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं उत्तर नुसतं वेळ मारून नेणारं होतं. मी हंडा खाली ठेवला. त्या दिवसापासून आठ-दहा दिवस रोज थोडा वेळ आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. पिवळ्या डोक्याचा पक्षी भाताच्या पातीची लांब धांदोटी चोचीत धरून यायचा आणि विणत बसायचा. मळकट तपकिरी रंगाचा दुसरा यायचा, आत डोकावायचा आणि उडून जायचा. सासूबाई म्हणाल्या, "सुगरण घर बांधते, म्हणून तर तिला सुगरण म्हणायचं." लेक म्हणाली, "आजी, बांधणारा बाबा आहे. आई नुसती बघून जाते."

सहा वर्षांच्या पोरीनं जे पाहिलं, ते खरं आहे. घरटं विणतो तो नर. आधी एक कडं, मग घंटेसारखा घुमट. इथवर आला की तो पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी घर तपासते. पसंत पडलं तर ती आत राहायला येते आणि नर खालची लांब नळी पुरी करतो. पसंत पडलं नाही, तर खोपा तसाच अर्धा राहतो. आणि एका घरात बिऱ्हाड थाटलं की हाच नर शेजारी दुसरं घर बांधायला घेतो. हे सगळं नीट उलगडलं ते आपल्याच कोकणात. अलिबागजवळच्या किहीम गावी, १९३० च्या पावसाळ्यात, पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी सुगरणींच्या एका वसाहतीसमोर तासन्‌तास बसून टिपणं केली. त्या काळी त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला.

खोप्यातल्या मातीत सुगरण काजवा चिकटवते आणि पिल्लांसाठी दिवा लावते, असं आमच्या सासूबाईंनी लहानपणापासून ऐकलेलं. वाऱ्यानं एक जुना खोपा खाली आला, तेव्हा आम्ही तिघींनी तो उलगडून पाहिला. मातीचे गोळे खरंच होते. काजवा मात्र एकही नव्हता. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "साठ वर्षं ऐकलं, उघडून कधी बघितलंच नाही." मातीचे गोळे तिथं का, यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. हेही मी लेकीला सांगितलं. मोठ्या माणसांनाही अजून शोधायचं पुष्कळ आहे, याचा तिला फार आनंद झाला.

सालिम अलींच्या बालपणाची गोष्ट आपण आईबापांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लहानपणीच आईवडील गेलेला हा मुलगा गिरगावात खेतवाडीला मामाच्या घरी वाढला. एकदा त्यानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, म्हणून तो मामाकडं, अमीरुद्दीन तय्यबजींकडं, गेला. मामा शिकारी, पक्ष्यांची माहिती असलेला माणूस, पण त्यांना ओळखता आली नाही. त्यांनी पोराला दटावलं नाही. एक चिठ्ठी लिहून दिली आणि त्याला सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडं धाडलं. मिलार्डांनी त्या लहान मुलाला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले. तिथून पुढचा सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

या गोष्टीत मला मोठे वाटतात ते मामा. त्यांना उत्तर येत नव्हतं, तरी त्यांनी प्रश्न अडवला नाही, तो पुढच्या दारी पोचता केला. आईबापाचं काम एवढंच आहे आणि ते प्रत्येक घरात जमण्यासारखं आहे. आमची पुढची दारं आमच्या आसपासच आहेत. शेवळाच्या भाजीत काकडाची आंबट फळं का घालायची, नाहीतर घसा का खवखवतो, हे सासूबाई जाणतात. कुठल्या झाडाची साल कशाला लागते, हे कातकरी आणि ठाकूर वाडीतली जुनी माणसं जाणतात. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या अशाच माणसांकडून पाखरांची नावं गोळा केली आणि मराठीला पक्षीकोश दिला.

आणि अजून शोधायचं किती आहे बघा. रानपिंगळा हे लहानसं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलं नव्हतं. जग ते संपलं असं धरून चाललं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. आणि २०१४ मध्ये ते दिसलं कुठं? आमच्या जवळच्याच तानसाच्या जंगलात. असेल नेहमीचा पिंगळा, असं म्हणून त्या दिवशी बघणारा पुढं निघून गेला असता, तर?

आमच्या घरी आता एक वही आहे. पानावर दोन रकाने आखलेत, 'विचारलं' आणि 'कळलं'. लेकीला अजून सगळी अक्षरं येत नाहीत, म्हणून ती चित्र काढते आणि मी शेजारी लिहिते. 'कळलं'चा रकाना बराचसा रिकामा आहे. तो रिकामा असल्याचं मला दुःख नाही. तो आहे म्हणून आम्ही रोज बाहेर पडतो.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. माझी तुम्हाला विनंती आहे, त्याची वाट बघू नका. गाव असो की चाळ, तुमच्या दारातही एखादं झाड असेल, कौलात चिमणी असेल, भिंतीवर कोळ्याचं जाळं असेल. उद्या तुमचं लेकरू त्याच्यापुढं थांबलं, तर त्याचा हात धरून ओढू नका. हातातलं काम पाच मिनिटं खाली ठेवा, त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "चल, बघूया."