नऊने भाग जातो का?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सेक्रेटरींनी मला ‘अनुभवाचे चार शब्द’ सांगायला बजावलंय. माझ्याकडे एकच किस्सा आहे.

1978 साली मी बँकेत कॅशवर होतो. एका संध्याकाळी कॅश जुळेना, 270 रुपये कमी. तेव्हा ही रक्कम मोठी, आणि ती माझ्याच खिशातून जाणार. दुपारी नोटांची बंडलं शिपायाने उचलली होती. मी सगळ्यांसमोर त्याला खिसे दाखवायला सांगितलं. त्याने मुकाट्याने दाखवले.

हेड कॅशियर म्हणाले, “अहो, फरकाला नऊने भाग जातो का बघा आधी.” आकड्यांची अदलाबदल झाली, की फरकाला नऊने नेमका भाग जातो. 270 ला गेला. शोधलं, तर 360 ची जमा 630 लिहिलेली. अक्षर माझंच.

कॅश जुळली. मी घरी गेलो, त्याची माफी न मागता. पुढे माझी बदली झाली, ते राहूनच गेलं.

मी इथे खजिनदार असताना हिशेबात 900 कमी आले. कुणीतरी वॉचमनचं नाव घेतलं. म्हटलं, थांबा, आधी माझी वही आणतो. 1200 चे 2100 झाले होते. चष्म्याचा नंबर त्याच आठवड्यात बदलून घेतला.