पोटाचे औषध आणि परिचारिकेचे घड्याळ



इन्सुलिन टोचावयाचे असले म्हणजे परिचारिकेचा हात क्षणभर थबकतो. पोटाचे औषध मात्र ‘त्यात काय एवढे’ अशा भावनेने दिले जाते, आणि घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणारे आपण सर्वही या बेफिकिरीचे वाटेकरी आहोत. पचनसंस्थेची औषधे निरुपद्रवी असतात हा जो समज रूढ झाला आहे, त्याविरुद्ध आज मला बोलावयाचे आहे. कारण त्यांचा गुण जितका द्रव्यात आहे, तितकाच ती कोणत्या वेळी, कशाच्या संगतीत आणि कोणत्या अवस्थेतील रुग्णास दिली, यात आहे.

सकाळच्या फेरीत ओमेप्राझोल, सुक्राल्फेट, थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन आणि प्रतिजैविक सिप्रोफ्लॉक्सासिन ही चारही औषधे एका वाटीत घालून न्याहारीनंतर रुग्णाच्या हाती दिली, तर हुकुमाची तामिली झाली, केसपेपरावर सही झाली, आणि तरीही इलाज जवळजवळ झालाच नाही. जठरात आम्ल सोडणारे जे पंप ओमेप्राझोल बंद पाडते ते अन्नाच्या चाहुलीने कामास लागतात; सबब औषध त्यांच्या आधी, म्हणजे खाण्यापूर्वी अर्धा ते एक तास, पोटात गेले पाहिजे. सुक्राल्फेट व्रणावर लेपासारखे बसते खरे, परंतु ते शेजारच्या औषधांनाही तितक्याच निष्ठेने धरून ठेवते, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या निदान दोन तास आधी द्यावे आणि थायरॉक्सिन व सुक्राल्फेट यांच्यात चार तासांचे अंतर राखावे.

रुग्णास नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी, म्हणजे रायल्स ट्यूब, घातली असेल तर जबाबदारी दुणावते. कॅप्सूलमधील ओमेप्राझोलचे दाणे आम्लापासून बचावासाठी मढवलेले असतात. ते खलात कुटून नळीत ओतणे म्हणजे औषध जठरातच नासवणे होय, म्हणून दुसऱ्या स्वरूपातील औषधाची तजवीज डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावी. नळी जठरातच आहे, फुप्फुसात नाही, याची खातरजमा करण्यासाठी आत हवा मारून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत भरवशाची नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच 5.5 किंवा त्याहून कमी भरावा लागतो. येथे एक विलक्षण पेच उभा राहतो. आम्ल कमी करणारे औषध चालू असलेल्या रुग्णात हा आकडा वर चढलेला असू शकतो. म्हणजे आपणच दिलेले औषध आपला पुरावा नाहीसा करते, आणि अशा वेळी संशयाचा फायदा नळीला न देता डोस तहकूब ठेवून एक्स-रेची मागणी करणे हेच शहाणपण. औषध देताना उशाकडील बाजू निदान तीस अंश उचललेली असावी, प्रत्येक औषध वेगळे द्यावे, आणि मध्ये पाण्याने नळी धुवावी.

औषध देण्याचा वेग आणि रुग्णाची अवस्था यांनाही तितकेच महत्त्व आहे. वांतीवरील मेटोक्लोप्रामाइड शिरेतून भरभर टोचले तर रुग्णाचा जीव घाबराघुबरा होतो. तरुण रुग्णाची मान कधी अकस्मात वाकडी होते, डोळे वर चढतात. नातलग त्यास बाहेरची बाधा म्हणतात, आणि वॉर्डातीलही कोणी ‘नाटक करतो’ म्हणून मोकळे होते, वस्तुतः तो औषधाचाच परिणाम असतो व योग्य इंजेक्शनाने थोड्या वेळात उतरतो. आतड्यास अडथळा असल्यास हे औषध देऊच नये. पोटदुखीचे कारण कळलेले नसताना रेचक देण्याची आपली घरगुती हौसही अशीच घातक. सुजलेले आंत्रपुच्छ त्याने फुटू शकते. इसबगोलासारखे सोज्ज्वळ द्रव्यसुद्धा भरपूर पाण्यावाचून घेतले तर घशात अथवा अन्ननलिकेत फुगून अडकते.

मात्र देण्याइतकीच चूक न देण्यातही घडते, आणि लॅक्ट्युलोज हे तिचे ठळक उदाहरण आहे. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या आतड्यातील अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो आणि रुग्ण भ्रमिष्ट होतो. हे गोड पातळ औषध तो अमोनिया मलावाटे बाहेर काढते, म्हणून दिवसाकाठी दोन-तीनदा मऊ शौचास होणे हे येथे उद्दिष्टच आहे. रात्रपाळीच्या सिस्टरला केसपेपरावर तीनदा शौचास झाल्याची नोंद दिसते, चादर बदलून थकलेला रुग्णाचा मुलगा काकुळतीने म्हणतो, ‘सिस्टर, आता बास करा ते औषध’, आणि दयेपोटी डोस गाळला जातो. पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर मात्रा कमी करण्याविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. परंतु शौचास मुळीच झाले नसेल, आणि काल मुलाला नावाने हाक मारणारा बाप आज त्याला ओळखत नसेल, तर सकाळच्या फेरीची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच रात्री उठवावे.